इंटर्नशिपचं सेमिस्टर आणि ओझरत्या ओळखी

गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका ज्युनिअरचा फोन आला. मुक्ताईनगरहून पुण्याला निघालाय, शेवटच्या सेमिस्टरची इंटर्नशिप लागली आहे. राहायची सोय आधीच झालेली. नऱ्ह्यात आपल्याच तालुक्यातली चार पोरं राहतात, त्यांच्या खोलीत पाचवी गादी. प्रश्न वेगळाच होता. "ताई, स्टायपेंड तर नाहीच. पप्पांनी केळीच्या पट्टीतून पैसे काढून दिलेत. या चार महिन्यांत असं काय करू की ते वाया जाणार नाहीत?"

"मन लावून काम कर" असं सांगून फोन ठेवता आला असता. पण मी स्वतः हे सेमिस्टर बऱ्यापैकी वाया घालवलंय. ऑफिस, बस, खोली, मोबाइल, झोप. शेवटी हातात एक सर्टिफिकेट होतं आणि ज्याला पुन्हा फोन करता येईल असा एकही माणूस नव्हता. आता पीएचडीच्या निमित्ताने लोक कसे शिकतात, कामाला कसे लागतात यावरचं संशोधन वाचते, तेव्हा माझं काय चुकलं ते दिसतं. ते आज तुम्हाला सांगते.

खोली काय देते, काय देत नाही

आधी खोलीची बाजू घेते, कारण तिला नावं ठेवणं सोपं आहे. परक्या शहरात पहिला आधार गावाचाच असतो. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकीच्या खोल्यांमध्ये दाटीवाटीने राहायचे. खान्देशातली माणसं सुरतेला गेली तीही अशीच, आधी गेलेल्या भावाच्या किंवा मेहुण्याच्या पत्त्यावर. ताप आला तर गोळी आणून देणारं, डिपॉझिटला पैसे कमी पडले तर भर घालणारं माणूस खोलीतच सापडतं.

पण एक गंमत बघा. खोलीतल्या पाच जणांना जे माहीत असतं ते जवळपास सारखंच असतं. तेच कॉलेज, तेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्याच दोन-तीन कंपन्यांची नावं. एकाला माहीत नसलेली जागा दुसऱ्यालाही माहीत नसते. नवी बातमी येते ती बाहेरून, आणि ती आणणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या फार जवळचा नसतो.

५४ माणसांचा हिशोब

हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ही नोकरी कुणाकडून कळली, आणि तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी लागलेल्या ५४ जणांपैकी फक्त ९ जण त्या माणसाला वरचेवर, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी भेटत होते. ३० जण अधूनमधून भेटत होते आणि १५ जण वर्षातून जेमतेम एकदा किंवा तेवढंही नाही. जुना सहकारी, कॉलेजातला विसरलेला मित्र, अशा ओझरत्या ओळखींनी काम केलं होतं.

५४ हा आकडा लहानच. म्हणून २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. कार्तिक राजकुमार आणि सहकाऱ्यांनी लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर पाच वर्षं झालेले प्रयोग तपासले. ओझरत्या ओळखींचा नोकरी बदलायला जास्त उपयोग होतो हे तिथेही दिसलं, पण दोन अटींसह. एक, ओळख अगदीच नावापुरती असेल तर उपयोग पुन्हा कमी होतो. दोन, डिजिटल कामांच्या क्षेत्रात ओझरत्या ओळखी जास्त चालतात, तर जिथे डिजिटल काम कमी तिथे घट्ट नाती वरचढ ठरतात. म्हणजे लिंक्डइनवर पाचशे अनोळखी लोकांना रिक्वेस्ट पाठवणं ही काही युक्ती नव्हे. दोन-चार वेळा समोरासमोर बोलणं झालंय, एखादा माणूस दोघांच्याही ओळखीचा आहे, एवढी ओळख हवी.

दादरच्या शाळांमधली गोष्ट

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे आपली माणसंच कामाला येतात" असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणूनच दादरचा अभ्यास सांगते. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरमधल्या मराठी कुटुंबांची मुलं शाळेचं कोणतं माध्यम निवडतात याची सुमारे वीस वर्षांची माहिती जमवली. त्यांचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० च्या दशकात मुंबईतली अर्थव्यवस्था बदलली आणि इंग्रजी येणाऱ्यांना मिळणारा पगार वाढला. तरीही ज्या जातींच्या पुरुषांना कारखान्यातली आणि कष्टाची कामं जातभाईंच्या ओळखीतून मिळत आली होती, त्यांच्या घरातले मुलगे मराठी माध्यमातून त्याच कामांकडे जात राहिले. त्याच घरांतल्या मुली मात्र इंग्रजी माध्यमाकडे जास्त वेगाने वळल्या. कारण ओळखीचं ते जाळं मुलींसाठी कधी नव्हतंच, त्यामुळे त्यांना अडवणारंही काही नव्हतं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. ज्या ओळखीने आजोबांना शहरात उभं केलं, तिनेच नातवाला एका चाकोरीत धरून ठेवलं. यात कुणाचं वाईट करण्याचा हेतू नव्हता. जाळं आपलं काम चोख करत होतं, फक्त बाजार बदलला होता.

खोलीचंही तसंच आहे. खोली सोडू नका. पण खोलीलाच शहर समजू नका.

"नुसती एक्सेल भरायला लावतात"

आता ऑफिसात या. पहिल्या महिन्यातली नेहमीची तक्रार म्हणजे शिकवत कुणी नाही, किरकोळ कामं देतात. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकाऊ मुलं कशी शिकतात ते पाहिलं आणि पुढे एटिएन वेंगर यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. शिकाऊ मुलाला आधी शेवटचं काम मिळतं. बटणं लाव, कडा दुमड. मग शिवण, आणि कापड कापणं सगळ्यात शेवटी. कारण सरळ आहे, काज चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. पण बटणं लावता लावता अख्खा सदरा हातातून जातो आणि त्याची घडण कळते. शेजारी उस्ताद कापत असतो, ते दिसत असतं.

म्हणून किरकोळ काम मिळालं की दोन गोष्टी बघा. हे काम कुणाकडून आलं आणि पुढे कुणाकडे जातं? त्या दोघांशी बोलायचं कारण तुम्हाला आपोआप मिळालंय. "सर, ही शीट मी भरतो, तुम्ही ती कशासाठी वापरता?" एवढाच प्रश्न पुरतो. महिनाभर विचारूनही फक्त बटणंच मिळत असतील आणि सदरा दिसतच नसेल, तर मात्र कॉलेजच्या गाइडला वेळेत सांगा. तो तुमचा दोष नाही, आणि फुकटात राबवून घेणं म्हणजे इंटर्नशिप नव्हे.

विचारायची लाज

"पण अनोळखी माणसाला कसं विचारू?" ही अडचण मला चांगली माहीत आहे. आपली बोली ऐकून कुणी हसेल, इंग्रजी अडखळेल, "कुठून आलीस?" विचारतील. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायच्या. किती जणांना विचारावं लागेल? त्यांचा अंदाज वीसच्या आसपास होता, प्रत्यक्षात दहाच्या आसपास पुरले. लोक किती मदत करतील याचा अंदाज आपण कमी धरतो, कारण "हो" म्हणण्याचा त्रास आपल्याला दिसतो, पण समोरच्याला "नाही" म्हणणं किती जड जातं ते दिसत नाही.

मग आठवड्याला काय करायचं?

ज्युनिअरला मी चारच गोष्टी सांगितल्या.

१. आठवड्यातून एकदा डबा आपल्या टीमबाहेरच्या माणसाबरोबर खा. अकाउंट्स, स्टोअर, टेस्टिंग, कुणीही.

२. महिन्यातून दोनदा ऑफिस आणि खोली सोडून तिसऱ्या ठिकाणी जा. पुण्यात हे फुकट होतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास आयुका आणि नारायणगावजवळची जीएमआरटी दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. व्याख्यानाला जा, आणि शेजारी बसलेल्याशी दोन शब्द बोला. मुलींना होस्टेलच्या वेळेमुळे संध्याकाळ मिळत नाही, त्यांनी सुट्टीतली सकाळ धरावी. मी तेही केलं नव्हतं.

३. वहीत रोज दोन ओळी. आज काय केलं आणि कुणाशी बोललो. कॉलेजचा रिपोर्ट लिहायला ती वही कामी येतेच, शिवाय आठवडाभर एकही नवं नाव आलं नाही तर ते लगेच दिसतं.

४. निघताना पाच-सहा जणांना स्वतः भेटून सांगा, "तुमच्याकडून अमुक शिकलो." आणि दोन महिन्यांनी एक मेसेज करा, काही न मागता. ओझरती ओळख टिकते ती अशा मेसेजवरच.

यातल्या कशानेही नोकरी नक्की लागेल असं मी म्हणत नाही. संशोधन शक्यता सांगतं, खात्री देत नाही. पण चार महिन्यांनी भुसावळला गाडीतून उतरून एसटीत बसाल, तेव्हा मोबाइलमध्ये तालुक्याबाहेरची पंधरा माणसं असतील, ज्यांना तुमचं नाव आठवतं. पप्पांच्या पैशांचा हा हिशोब मला तरी पटतो.

अजून एक. पुढच्या वर्षी गावातून कुणीतरी असंच निघेल, आणि तुम्ही त्याच्या खोलीतले नसाल. त्याच्यासाठी ती ओझरती ओळख तुम्हीच असाल. त्याचा फोन आला तर उचला.