कुंडींतील झाडांचीं दुखणीं

आपल्या मालवण किनाऱ्यावर अंगणांत किंवा पडवींत चार कुंड्या नाहींत असें घर विरळा. पानावर डाग दिसला कीं आपण घाईनें औषध शोधूं लागतों. परंतु दुखणें ओळखल्यावांचून केलेला उपचार बहुधा व्यर्थ, आणि कधीं कधीं घातकही ठरतो. याविषयीं आमचाच एक अनुभव सांगतों.

गेल्या वर्षीं शाळेच्या व्हरांड्यांतील गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीनें कापाव्या तशा गोलाकार कापलेल्या आढळल्या. आम्हीं एका खोडकर मुलावर संशय घेतला व त्याला चारचौघांदेखत बोललों. आठ दिवसांनीं तोच मुलगा धांवत आम्हांस बोलावण्यास आला. जाऊन पाहतों तों एका काळसर माशीनें पानाचा तुकडा सफाईनें कापला व तो पायांत धरून ती उडून गेली! ही पानें कापणारी मधमाशी होय. ती पान खात नाहीं. त्या तुकड्यांनीं आपल्या घरट्याच्या कोठड्या मढविते. झाडाला तिच्यापासून फारसा अपाय नसतो, उलट फुलांचें परागण होतें. त्या मुलाची आम्हीं वर्गासमक्ष क्षमा मागितली. पुरावा पाहिल्यावांचून आरोप करूं नये, हा धडा त्या दिवशीं गुरूला शिष्याकडून मिळाला.

मग हा पुरावा पाहावा कसा? प्रथम सर्व कुंड्यांवर नजर फिरवावी. निरनिराळ्या जातींच्या झाडांचीं समुद्राकडील बाजूचींच पानें कडेपासून करपलीं असतील, तर तो खाऱ्या वाऱ्याचा परिणाम समजावा. पावसाळ्यांत खालचीं पानें पिवळीं पडून गळत असतील आणि माती सदैव ओलीचिंब असेल, तर कुंडीच्या बुडाचें भोंक बुजलें आहे काय तें पाहावें. मुळेंच गुदमरलीं असतां पानावरील औषध काय करणार? एखाद्याच झाडाचीं कांहीं पानें बिघडलीं असतील, तर मात्र सजीव शत्रु शोधावा.

तो बहुधा पानाच्या पाठीमागें दडलेला असतो. पान कुरतडलेलें असेल तर अळी, नाकतोडा किंवा गोगलगाय यांचा संशय घ्यावा. अळीच्या लेंड्या खालच्या पानांवर सांपडतात. गोगलगाय चकाकणारा माग ठेवते व रात्रीं दिवा घेऊन पाहिल्यास हातीं लागते. कढीनिंबावरील लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजर चुकविते. पान आखडलें, चिकट झालें, मुंग्यांची रांग लागली व मागाहून काळी काजळी धरली, तर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण रस शोषीत आहेत असें जाणावें. मुंग्या येतात त्या त्यांच्या गोड स्रावासाठीं. पानावर बारीक फिकट ठिपके असतील तर तें पांढऱ्या कागदावर झटकावें. कागदावरचे कण चालूं लागले, तर ते कोळी!

पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ सालीं कोइमतूर येथें आढळला व २०१० सालीं पुण्याकडे पोंचला. जास्वंदही त्याचें भक्ष्य आहे. त्याच २०१० सालीं त्याच्या शरीरांत अंडीं घालणारे सूक्ष्म कीटक पोर्टो रिको येथून आणून आपल्या देशांत सोडण्यांत आले, आणि त्यांनीं त्याला आटोक्यांत आणलें. सरसकट विष फवारल्यास असे साहाय्यकही मरतात, हें विसरूं नये.

म्हणून आजारी कुंडी प्रथम वेगळी ठेवावी. पानांची पाठ पाण्याच्या धारेनें धुवावी, साबणाच्या सौम्य पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसावी, अळ्या हातानें वेंचाव्या आणि आठ दिवसांनीं पुन्हां पाहावें. पालकांनींही या कामीं मुलांस सोबत घ्यावें. त्यांची दृष्टि आपल्याहून तीक्ष्ण असते.

आमच्या गुलाबाला त्या वर्षीं कापलेल्या पानांसह भरपूर कळ्या आल्या. व्हरांड्यांतील कुंड्यांची देखरेख आतां त्या मुलाकडेच आहे.