पुड्यातले अमिनो आम्ल आणि पाळी गेल्यानंतरच्या रक्तवाहिन्या

रक्तवाहिनीच्या अस्तरातून तिला सैलावणारे काहीतरी पाझरते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले. ते नायट्रिक ऑक्साइड आहे हे १९८७ मध्ये समजले आणि ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनते हे १९८८ मध्ये. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते, नायट्रिक ऑक्साइडही घटते. मग कच्चा माल वाढवा, असा सरळ तर्क निघाला. तो पहिल्याच फेरीत लंगडा पडला. २००० मध्ये अमेरिकेत पाळी गेलेल्या १० निरोगी बायकांना महिनाभर रोज ९ ग्रॅम आर्जिनिन दिले, फरक पडला नाही. पडणार तरी कसा? रक्तात आर्जिनिन मुळातच गरजेहून कितीतरी जास्त असते. इस्ट्रोजेन गेल्यावर मंदावते ते आर्जिनिन वापरणारे विकर.

‘उपयोग नसेल, पण अपाय तरी काय?’ हा प्रश्न मेडिकलच्या काउंटरवर नेहमीचा. २००६ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवरचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण आर्जिनिन घेणाऱ्यांत ६ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. आकडा लहान आहे, योगायोगही असेल. पण पन्नाशी-साठीत छुपा हृदयरोग असणाऱ्या बाईला पुडा देताना तो विसरता येत नाही.

सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचा दावा अधिक बळकट आहे. ते यकृतात अडकत नाही आणि मूत्रपिंडात त्याचे आर्जिनिन होते. रक्तदाब असलेल्या, पाळी गेलेल्या २५ बायकांच्या अमेरिकन प्रयोगात ४ आठवडे रोज १० ग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या जास्त सैलावल्या. पण मोजले ते वाहिनीचे रुंदावणे. लकवा किंवा झटका टळला का, हे नव्हे. (तेवढे सिट्रुलिन कलिंगडातून घ्यायचे तर निदान तीन-चार किलो रोज संपवावे लागेल.) आणि आर्जिनिनच हवे असेल तर १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ते सुमारे ३ ग्रॅम असते, तूर-सोयाबीनच्या लातुरात त्यासाठी पुडा कशाला?

मराठवाड्यातला प्रश्न याहून आधी, अकाली गेलेल्या पाळीपासून सुरू होतो. लातूरच्या शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या सरकारी समितीला तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ऊसतोडीला लातूर-नांदेडच्या टोळ्याही जातात. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर इस्ट्रोजेन एकदम घटते आणि रक्तवाहिन्यांचे संरक्षण दहा-पंधरा वर्षे आधी उठते. अशा बाईचा रक्तदाब चाळिशीआधीच नियमित मोजायला हवा. तो वाढलेला निघाला तर ॲम्लोडिपिनची साधी गोळी लकव्याचा धोका कमी करते, हे हजारो रुग्णांवर सिद्ध झाले आहे. कुठल्याही अमिनो आम्लाच्या पुड्याला तसा पुरावा अजून जोडता आलेला नाही.