कुसगावची खाचरे आणि जगाची भूक

दरसाल १६ ऑक्टोबर हा दिवस जगभर अन्नदिन म्हणून पाळला जातो. १९४५ साली याच दिवशी कॅनडातील क्विबेक शहरी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जन्मास आली. १९५६ ते १९६७ या काळात तिचे महासंचालकपद बिनय रंजन सेन या भारतीयाने भूषविले व त्यांच्याच पुढाकाराने १९६० साली भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू झाली. पुढे २०१५ साली राष्ट्रांनी एकत्र बसून २०३० पर्यंत भूक नाहीशी करण्याचा संकल्प सोडला. तरीही २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसे अर्धपोटी होती, असे राष्ट्रसंघाच्याच संस्थांचा अहवाल सांगतो. संकल्पांची वाण या जगात कधीच नव्हती.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे पुण्यातील सुखवस्तू वाचकास वाटणे स्वाभाविक आहे. संबंध आहे, आणि तो त्याच्या रोजच्या ताटात आहे. फिलिपाइन्समधील लोस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. तैवानातील एक ठेंगणी जात व इंडोनेशियातील एक उंच जात यांच्या संकरातून तिने १९६६ साली 'आयआर-८' हे वाण जगापुढे ठेवले. बुटके ताट, खताला दाद देणारे, लोंबीच्या भाराने न लोळणारे. आशियावरील दुष्काळाचे सावट दूर सारण्यात या वाणाचा वाटा मोठा होता, याविषयी दुमत नाही. भाताची चव मात्र यथातथाच! आमच्या मावळच्या आंबेमोहोराची गोष्ट नेमकी उलटी. सुवास असा की शिजताना आळीला कळावे. परंतु ताट उंच, वाऱ्यापावसात आडवे पडणारे आणि उतारा तुटपुंजा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात या दोहोंची गाठ घालण्यात आली आणि १९८७ साली 'इंद्रायणी' प्रसृत झाला. आज मध्यमवर्गीय घरांतून जो मऊ, किंचित चिकट, सुवासिक भात आवडीने खाल्ला जातो, त्याच्या एका अंगात लोस बान्योसचे रक्त आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे केवळ परिषदा व ठराव असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

परंतु वाणाला जमीन लागते, आणि आमची चिंता तेथून सुरू होते. लोणावळ्याला लागून असलेल्या कुसगावकडे पाहावे. एकीकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुसरीकडे विद्यासंकुले, बंगल्यांच्या वसाहती. खोपोलीहून डोंगर पोखरून येणाऱ्या सुमारे १३ किलोमीटरांच्या नव्या जोडरस्त्याचे टोकही कुसगावलाच. रस्ते नकोत, शाळा-महाविद्यालये नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र भाताचे खाचर म्हणजे केवळ सपाट जागा नव्हे, एवढे तरी आपण जाणून घेतले पाहिजे. डोंगरउतारावर दगड रचून, बांध घालून, वर्षानुवर्षे चिखलणी करून पिढ्यांनी ते घडविलेले असते. त्याच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा थर तयार होतो. चार महिन्यांत जो अफाट पाऊस या पट्ट्यात कोसळतो, त्याला ही खाचरे बांधाबांधाशी अडवतात, सावकाश पुढे सोडतात. लोस बान्योसच्या बीजकोशात भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने शीतगृहात जपून ठेवलेले आहेत. उद्या हवे तेव्हा ते पुन्हा पेरता येतील. एकदा भराव टाकून फरशी घातलेले खाचर कोणत्या शीतगृहातून परत आणणार?

यात शेतकऱ्यास दोष देणे आम्हांस मान्य नाही. पावसाळी भाताचे एकच पीक, मजुरीचे चढे दर आणि गुंठ्याला बांधकाम व्यावसायिकाने देऊ केलेली रक्कम, हा हिशेब त्याने केला तर त्यात गैर काय? राब भाजण्याचे कष्ट वाचवून, गिरिपुष्पाचा पाला आणि खताच्या गोळ्या वापरून कमी खर्चात अधिक भात काढण्याची चारसूत्री पद्धत डॉ. नारायण सावंत यांनी कोकण-मावळच्या शेतकऱ्यास दिली. ती स्तुत्यच आहे. पण कोणतीही पद्धत जमिनीच्या बाजारभावाशी झुंज देऊ शकत नाही.

मावळाने शहरांसाठी दिलेले काही थोडे नाही. वळवण, लोणावळा व शिरवता येथील जलाशयांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरते. त्यावर १९१५ पासून मुंबईसाठी वीज निर्माण होत आली. शेजारच्या मुळशीत १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तोही धरणाखाली जाणाऱ्या भातजमिनीसाठीच. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला पोसते. ते बंद नळाने नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर जे आंदोलन झाले, त्यात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले. पाणी शहराचे, वीज शहराची, आणि आता जमीनही शहराचीच, असा हा क्रम आहे.

आमची सूचना व्यवहाराची आहे. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. कुसगावसारख्या गावांत भाताची खाचरे कोठे व किती उरली आहेत, याची गटवार यादी प्राधिकरणाने कृषी खात्याच्या मदतीने करून ती ग्रामपंचायतीत लावावी. अकृषिक परवानगी देण्यापूर्वी त्या यादीकडे पाहण्याचे बंधन असावे. आणि जो शेतकरी खाचर राखील, त्यास दर एकरी वार्षिक रक्कम मिळावी. ती दया म्हणून नव्हे, तर शहरांच्या नदीत पाणी सावकाश सोडल्याचा मोबदला म्हणून. हा पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न अर्थातच विचारला जाईल. पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या पाणीपट्टीवर अल्पसा अधिभार बसवून तो उभा करता येईल. हा भार आमच्या वाचकांवरच पडणार, हे जाणूनच आम्ही ही मागणी करीत आहोत.