मोडीत जाण्यापूर्वी : जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी

जुन्या, दुर्मीळ आणि विलक्षण वस्तूंचा संग्रह हा सवड आणि पैसा असलेल्यांचा छंद आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. ज्या घरांत एकेक भांडे जपून वापरले गेले आणि शेवटी तेही मोडीत घालावे लागले, त्या घरांनी संग्रह कसला करावयाचा, असेही कोणी विचारील. तथापि महाराष्ट्रातील मोठ्या संग्रहांकडे बारकाईने पाहिले असता वेगळेच चित्र दिसते. त्यांतील पुष्कळशा वस्तू स्वयंपाकघरातल्या, अंगणातल्या आणि मुलांच्या खेळातल्या आहेत. त्या कोणीतरी उचलून ठेवल्या आणि त्यांची हकीकत सांगितली, म्हणून त्यांना मोल आले. आपल्या परिसरातील घराघरांत असा ठेवा आजही आहे आणि तो वेगाने नाहीसा होत आहे. म्हणून या विषयाची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

अडकित्ते, वज्री आणि कुलपे

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे या छंदाचे सर्वपरिचित उदाहरण होय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयास त्याचे नाव देण्यात आले. या कार्यात पत्नी कमलाबाई यांची त्यांना अखेरपर्यंत साथ होती. हा संग्रह वीस हजारांहून अधिक वस्तूंचा झाला आणि केळकरांनी तो शासनाच्या स्वाधीन केला.

या संग्रहात राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा मन वेधून घेतात त्या रोजच्या वापरातील वस्तू. पशुपक्ष्यांच्या आणि माणसांच्या आकाराचे अडकित्ते, पाय घासण्याच्या पितळी वज्री, नाना तऱ्हांचे दिवे, दौती, कुलपे, वाद्ये, खेळणी. सुपारी कातरण्यास साधे दोन पाते पुरेसे असताना लोहाराने त्यास पोपटाचा आकार का दिला असावा? हातांनी काम करणाऱ्या माणसाला उपयोगाच्या पलीकडचे काही सुचत होते आणि ते करून पाहण्याची त्याची उमेद होती, हेच त्याचे उत्तर. मात्र अशा वस्तूंपैकी बहुतेकींच्या कारागिराचे नाव आज कोणालाही सांगता येत नाही. वस्तू वाचली, परंतु घडविणारा विस्मृतीत गेला.

तेरची खेळणी

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातले आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन ‘तगर’. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणसोबत या व्यापारी नगराचा उल्लेख येतो. येथील उत्खननात विटांचा बौद्ध स्तूपही आढळला आहे. गावालगतच्या पांढरीत पावसाने माती धुपली की मणी, नाणी, मृण्मय बाहुल्या, जनावरे वर येत. त्या जपून ठेवण्याचे काम तेरचेच रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने केले. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे.

सातवाहनकालीन मातीच्या मूर्तींत केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती विशेष सुबक आहेत. पुढची आणि मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांत दाबून, मग सांधून त्या करीत. म्हणून त्या आतून पोकळ असतात. त्यांतील कोणती मुलाची बाहुली आणि कोणती पूजेची मूर्ती, हे ठरविणे अनेकदा कठीण जाते. वस्तू कोणत्या थरात आणि कशाशेजारी सापडली याची नोंद असती, तर घरातील चुलीजवळची बाहुली आणि पूजास्थानातील मूर्ती यांत भेद करता आला असता. पांढरीवर उघड्यावर मिळालेल्या वस्तूला हा आधार नसतो. लामतुरे यांनी ती उचलली नसती तर ती नांगराखाली फुटली असती, हेही तितकेच खरे. वस्तू वाचविणे आणि तिची हकीकत वाचविणे ही दोन कामे आहेत, हा धडा यातून मिळतो.

जी खेळणी उरत नाहीत

तेरच्या मुलांची खेळणी दोन हजार वर्षे टिकली, कारण ती भाजलेल्या मातीची होती. आपल्या भागातील खेळण्यांचे तसे नाही. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, चिखलाचे बैल, चिंध्यांची बाहुली, काडेपेटीचा दूरध्वनी, सायकलच्या जुन्या टायरचा गाडा ही खेळणी एका हंगामापुरती असतात. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर गेलेले मूल कोपीपुढे वाढ्यांपासून जे काही करते, ते कोपीबरोबरच मोडते. संग्रहालयांत लाकडी व पितळी खेळणी दिसतात; कष्टकऱ्यांच्या मुलांची दिसत नाहीत. पुढे कोणी अभ्यासक म्हणेल की या मुलांजवळ खेळणी नव्हतीच. हा अन्याय टाळण्याचा उपाय अवघड नाही. अशी गाडी एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून पुन्हा करवून घ्यावी, करण्याची रीत लिहून ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि करणाऱ्याचे नाव अवश्य नोंदवावे.

वस्तू काय सांगते

घरातील जुनी वस्तू वाचता आली पाहिजे. तांब्यापितळेच्या भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव असते. कधी आहेर करणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीखही असते. ज्या घरात कागदपत्र नाही, त्या घराचा तोच दस्तऐवज. शेर, मापटे, चिपटे ही धान्याची मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत आल्यावर व्यवहारातून मागे पडली. आणे-पैची नाणी १ एप्रिल १९५७ रोजी ‘नवा पैसा’ आल्यावर मागे सरली.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून जुन्या गाठोड्यांत चारमिनारचे चित्र असलेला हाली शिक्का सापडतो. त्यातील चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर असते : ‘मीम’ असल्यास नाणे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळचे आणि ‘ऐन’ असल्यास सातवे निजाम उस्मान अली खान यांच्या काळचे. आजीच्या बटव्यातील एका नाण्यावरून मुलांना इतिहासाचा अख्खा पाठ शिकविता येतो.

जतनाचे काही नियम

जुने पितळ, तांबे चिंच लावून चकचकीत करू नये. त्यावरील काळाचा थर आणि बारीक कोरीव अक्षरे त्याने झिजतात. लोखंडी वस्तू कोरडी पुसून ओलीपासून दूर ठेवावी. कागद, कापड उन्हात आणि ओलाव्यात ठेवू नये. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा आणि वहीत सहा गोष्टी लिहाव्यात : वस्तूचे स्थानिक नाव, ती कशाची आहे, कोणी केली, कोणी वापरली, कोणाकडून कधी मिळाली, आणि तिच्याविषयी घरात काय सांगतात.

कायद्याचेही भान असावे. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती, नाणे, कोरीव वस्तू इत्यादींना १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा लागू होतो. काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खाजगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातले आहे. लेणी, गढी, किल्ला यांचा दगडही उचलून आणू नये. तो तेथेच बोलका असतो.

आपला ठेवा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वापरातील वस्तू आज पाहावयास मिळतात, त्या आपोआप उरलेल्या नाहीत. नागपूरजवळील चिचोली येथील शांतिवनातील वस्तू वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांमुळे टिकल्या. माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू पुण्यात सिम्बायोसिस संस्थेच्या संग्रहालयात आहेत. त्यांत बाबासाहेबांचे व्हायोलिनही आहे. सातारच्या शाळेने आपली जुनी नोंदवही सांभाळली, म्हणून ७ नोव्हेंबर १९०० या बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाच्या दिवसाला आज साक्ष आहे. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नाव लिहून घेणाऱ्या लिपिकास त्या दिवशी याची कल्पनाही नसेल.

काही वस्तूंविषयी मनात संकोच असतो. येसकराची घुंगरकाठी, गावकीची हलगी ही गुलामीची चिन्हे म्हणून आपल्या वाडवडिलांनी टाकून दिली आणि ते योग्यच केले. तरीही त्यांतील एखादी काठी कोठे उरली असेल, तर तिला शोभेची वस्तू न करता पुरावा म्हणून ठेवावे, असे आम्हांस वाटते. काय सोसले आणि काय नाकारले, हे नातवंडांना हातात घेऊन पाहता आले पाहिजे.

संग्रह म्हणजे आसक्ती नव्हे काय, असा प्रश्न धम्माच्या वाटेवर चालणाऱ्यांस पडणे स्वाभाविक आहे. वस्तू आपलीच राहावी म्हणून कवटाळली तर ती आसक्तीच. परंतु केळकरांनी आयुष्यभराचा संग्रह समाजाला दिला आणि लामतुरे यांचा ठेवा आज सर्वांसाठी खुला आहे. सर्व काही अनित्य आहे, हे ज्याला उमगते, तोच नाहीशा होणाऱ्या गोष्टीची नोंद तत्परतेने करतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. वसतिगृहात आणलेली पत्र्याची पेटी, नाव कोरलेले ताट, माळ्यावरील चिमणी, दाराबाहेर टाकलेले जाते यांपैकी काही मोडीत देण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क माणसाला त्याविषयी विचारावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. वस्तू घरीच ठेवली तरी चालेल; ती लिहिलेली दोन पाने विद्यालयाकडे द्यावीत. वस्तू पुढेमागे कोठेतरी मिळेलही. ती सांगणारे माणूस मात्र एकदाच असते.