कापसाची धूळ आणि छातीतला कफ

दसरा-दिवाळी आली की चाळीसगावच्या पंचक्रोशीत कापूस घरी येऊ लागतो. ओटीवर, माजघरात पांढरे ढीग लागतात. भाव वाढेल या आशेने माल घरातच राहतो आणि त्याच्या कडेला लहानथोर झोपतात. याच दिवसांत खोकल्याची ढास लागते. ‘थंडी बाधली’ म्हणून आपण सोडून देतो. पण दर वेळी दोष थंडीचाच असतो असे नाही. कापसाबरोबर घरात आलेली धूळही त्याला कारण असू शकते.

ही धूळ म्हणजे नुसते तंतू नव्हेत. बोंडाभोवतीच्या वाळलेल्या पानांचा चुरा, माती, बुरशी आणि अतिसूक्ष्म जंतू तीत मिसळलेले असतात. जंतू मेले तरी त्यांच्या कवचातले विष धुळीत शिल्लक राहते.

कफ होतो तरी कसा?

आपल्या श्वासनळीला आतून ओलसर अस्तर असते. त्यातल्या काही पेशी चिकट द्रव पाझरतात. त्यात बहुतांश पाणीच असते. श्वासाबरोबर आलेले कण त्यात अडकतात. शेजारच्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात. वाऱ्यावर डुलणाऱ्या गव्हाच्या शेतासारखे ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि अडकलेला कचरा घशाकडे ढकलतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. म्हणजे कफ हा मुळात शत्रू नव्हे. तो घरचा राखणदार आहे.

मोठे कण नाकातच अडतात. बारीक कण मात्र खोल नळ्यांत उतरतात. ते अस्तराला टोचले, जंतूंचे विष लागले, की तिथे दाह होतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि द्रव पाझरणाऱ्या पेशींना जादा काम करण्याचा निरोप मिळतो. धूळ चार दिवसांची असेल तर सारे पूर्ववत होते. वर्षानुवर्षे चालली तर त्या पेशींची संख्या वाढते, ग्रंथी फुगतात, आणि कफ ढकलणारे तंतू दुबळे होतात. कफ भरपूर, पण बाहेर काढणारे कोणी नाही! मग नळ्या अरुंद होतात, धाप लागते. लागोपाठ दोन वर्षे, दर वर्षी निदान तीन महिने कफाचा खोकला राहिला आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला श्वासनळीचा जुनाट दाह म्हणतात.

सोमवारचे दुखणे

खानदेशात कापसाबरोबर गिरण्याही आल्या. चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल १९७४ च्या कायद्याने सरकारच्या ताब्यात गेली. सूतगिरण्यांत कापूस पिंजण्याच्या खात्यात सर्वात जास्त धूळ उडते. तिथल्या कामगारांना होणाऱ्या रोगाला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. त्याची खूण अशी, की सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे आठवडाभरात त्रास कमी वाटतो. दुर्लक्ष केले तर तो रोजचा होतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात हा रोग सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत होता. पण घरातल्या ढिगाजवळ झोपणाऱ्यांना असा कायदा कुठला?

आपल्या हातात काय आहे?

कापूस सकाळी वेचावा. त्या वेळी पाने थोडी दमट असल्याने चुरा होऊन कापसाला चिकटत नाहीत. ओला कापूस मात्र सुकवूनच साठवावा. स्वच्छ कापसाला भाव बरा मिळतो आणि धूळही कमी येते. एका कामात दोन लाभ.

ढीग झोपायच्या खोलीत नको. जागा नसेल तर ताडपत्रीने झाकावा. कापूस भरताना, हलवताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, लेकरांना बाहेर काढावे, नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क बांधावा. साध्या रुमालाने बारीक धूळ थांबत नाही. झाडण्याआधी पाणी शिंपडावे. चुलीत पऱ्हाट्या जळत असतील तर धूर बाहेर जाण्याची सोय करावी, कारण धुराचे कणही हेच करतात. विडी तर मुळीच नको.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, कारण क्षयही असाच सुरू होतो. डॉक्टरांना ‘घरात कापूस आहे’ हे आवर्जून सांगावे. नुसत्या औषधाच्या बाटलीने खोकला दाबाल, तर राखणदाराचे तोंड बंद होईल. चोर घरातच राहील.