जिंकलेला हंगाम, घरोघरच्या फिती

१९६० च्या ऑक्टोबरात पिट्सबर्ग पायरेट्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्यातली बेसबॉलची वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली, तेव्हा गायक आणि नट बिंग क्रॉस्बी पॅरिसमध्ये होता. पायरेट्स संघात त्याची भागीदारी होती आणि सामन्याचा ताण मैदानात बसून सोसणं त्याला शक्य नव्हतं. सामना त्यानं रेडिओवर ऐकला. पण जिंकलोच तर डोळ्यांनी पाहायलाही हवं, म्हणून टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून प्रक्षेपण फिल्मवर उतरवून घेण्याची व्यवस्था त्यानं करून ठेवली होती. १३ ऑक्टोबरला बिल मॅझेरोस्कीच्या होम रननं पायरेट्स १०-९ असे जिंकले. पुढं सगळे ते चित्रीकरण विसरले. डिसेंबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या हिल्सबरो इथल्या त्याच्या घरात, पूर्वी वाइन ठेवत असत त्या तळघरात, पाच रिळं सापडली. त्या संपूर्ण सामन्याची ज्ञात असलेली ती एकमेव प्रत होती.

याच क्रॉस्बीनं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अँपेक्स नावाच्या छोट्या कंपनीत ५०,००० डॉलर घातले, ते आपले रेडिओ कार्यक्रम चुंबकीय फितीवर आधीच ध्वनिमुद्रित करता यावेत म्हणून. १९५६ मध्ये त्याच अँपेक्सनं टीव्ही केंद्रांसाठी पहिला यशस्वी व्हिडिओ रेकॉर्डर आणला. दोन इंच रुंद फितीच्या तासाभराच्या रिळाला तेव्हा सुमारे ३०० डॉलर पडत. फिल्म एकदाच वापरता येते, फीत मात्र पुसून पुन्हा भरता येते. व्यवहार म्हणून केंद्रांनी तेच केलं. १५ जानेवारी १९६७ ला झालेला अमेरिकी फुटबॉलचा पहिला सुपर बोल सीबीएस आणि एनबीसी या दोन्ही वाहिन्यांनी दाखवला, पण पूर्ण चित्रीकरण दोघींकडेही उरलं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये एका माणसानं स्वतःसाठी उतरवून घेतलेल्या फिती पुढं माळ्यावर मिळाल्या. त्यांत मध्यंतर नाही, तिसऱ्या सत्राचा काही भाग नाही. तरीही न्यूयॉर्कच्या पेली सेंटरनं मेहनतीनं त्या दुरुस्त केल्या, कारण सलग असं दुसरं काही नव्हतंच.

खेळाचा इतिहास जपणं हे वाहिन्यांचं काम आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी घरी बसून रेकॉर्डचं बटण दाबणाऱ्या चाहत्यांनी केलं आहे. १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीनं व्हीएचएस आणल्यावर हे काम कुणालाही करता येऊ लागलं. आज त्याच कॅसेट्स गोळा करून आपल्या संघाचा जिंकलेला हंगाम चेंडू न् चेंडू जुळवणारी मंडळी जगभर आहेत. त्यांच्या छंदात भौतिकशास्त्र, रसायन आणि संख्याशास्त्र किती खोलवर आहे, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात फितीपासून. चित्राच्या संकेतात सेकंदाला लाखो चढउतार असतात. ते वेगळे उमटायचे तर चुंबकीय हेडसमोरून फीत सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगानं जायला हवी. तीन तासांच्या सामन्याला मग ५२ किलोमीटर फीत लागली असती, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जवळपास कल्याणपर्यंत. व्हीएचएसच्या तीन तासांच्या कॅसेटमध्ये मात्र अडीचशे मीटरच्या आसपास फीत असते. युक्ती अशी की फीत सेकंदाला जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकते आणि हेडच फिरतात. ६२ मिलिमीटर व्यासाच्या ढोलावर समोरासमोर दोन हेड बसवलेले असतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीत हा ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो आणि अर्धा इंच रुंद फीत त्याला तिरका वेढा घालून जाते. दर अर्ध्या फेऱ्यात एकेक हेड आळीपाळीनं फितीवर एक तिरका पट्टा लिहितं. असे पन्नास पट्टे म्हणजे एक सेकंद. पट्ट्याची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. शेजारशेजारच्या पट्ट्यांत मोकळी जागा अजिबात नाही. दोन्ही हेडच्या फटी उलटसुलट कलवलेल्या असल्यामुळं एकाला दुसऱ्याचं लिखाण नीट वाचता येत नाही आणि चित्रांची सरमिसळ टळते. कोट्यवधी घरांत धूळ खात पडलेल्या त्या काळ्या डब्याच्या आत इतकं नेमकं यंत्र होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

याच मोजमापांतून नुकसानाचाही हिशेब निघतो. चित्राची एक आडवी रेषा फितीवर सुमारे ०.३ मिलिमीटर जागा घेते. त्यामुळं एक मिलिमीटरचा बुरशीचा ठिपका साधारण वीस पट्ट्यांवर पसरतो आणि प्रत्येकातल्या तीनेक रेषा खातो. वीस पट्टे म्हणजे ०.४ सेकंद. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. नेमका तो ठिपका त्या चेंडूवर पडला, तर यष्टी उडाली हे कळतं, पण कशी उडाली हे दिसत नाही.

लोक म्हणतात, जुन्या कॅसेटचं चित्र विरलं. लोहकणांचं चुंबकत्व खरं तर अनेक दशकं चांगलं टिकतं. दगा देतो तो गोंद. हे कण पॉलिस्टरच्या फितीवर पॉलियुरेथेनच्या थरात धरून ठेवलेले असतात. हवेतली आर्द्रता त्या थराच्या रेणूंची साखळी तोडते, थर चिकट किंवा ठिसूळ होतो आणि कण हेडवर खरवडून येतात. त्यात कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. अभिलेखागारं फिती वीस अंश सेल्सिअसच्या आसपास आणि तीस ते चाळीस टक्के आर्द्रतेत ठेवतात. आपल्या माळ्यावर जुलै महिन्यात यातलं काहीच नसतं. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढुरकी भुकटी दिसली, तर ती कॅसेट चालत्या व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला जाते. आधी सफाई, तीही जाणकाराच्या हातून.

वेळ फार उरलेला नाही, हेही खरं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागारानं २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या बहुतेक फिती कायमच्या हातच्या जातील. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. फीत टिकली तरी ती वाचणारं यंत्र कुठून आणायचं, हा प्रश्न आता फितीच्या वयाइतकाच मोठा आहे.

या छंदाचा सगळ्यात देखणा भाग यापुढं येतो. आपल्याला जवळचा हंगाम घेऊ. १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात झालेली वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट. सुनील गावसकर कर्णधार, भारत पाचही सामने जिंकला, १० मार्चला मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला आठ गडी राखून हरवलं आणि रवी शास्त्रीला ऑडी गाडी मिळाली. मुंबईकरांनी ती गाडी आपल्याच दारात आल्यासारखी साजरी केली. अशी स्पर्धा घरच्या कॅसेट्सवरून पूर्ण उभी करायची, तर पहिली अडचण साध्या गणिताची आहे. पन्नास षटकांच्या सामन्याला सात तास लागतात आणि कॅसेट तीन तासांची. कुणी अर्ध्या वेगानं सहा तास भरून घेतलं, तर पट्टे निम्मे अरुंद होतात आणि पडद्यावर मुंग्या वाढतात. कुणी कॅसेट बदलायला उठला, तेवढ्यात दोन-तीन चेंडू निसटले. कुणी जाहिराती वगळण्यासाठी पॉज दाबला आणि षटकाचा पहिला चेंडू गमावला. पण ठाण्यातल्या घरात ज्या क्षणी कॅसेट संपली, त्याच क्षणी मेलबर्नमधल्या घरात ती संपण्याची शक्यता फार कमी. भारत आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडं पॅलच असल्यानं या फिती रेषेला रेषा जुळवता येतात. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांकडची प्रत अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीची. तिथं ६२५ ऐवजी ५२५ रेषा, सेकंदाला ५० ऐवजी जवळजवळ ६० क्षेत्रं (अर्ध्या चौकटी) आणि रूपांतरात एकमेकांत मिसळलेल्या चौकटी. हरवलेला चेंडू भरायला ती चालेल, जुळवणीला नाही.

जुळवणी म्हणजे काय? साधा व्हीसीआर फितीवर खाच आली की तिथं आधीची रेषा पुन्हा चिकटवतो आणि नुकसान झाकतो. बघणाऱ्याची सोय होते, अभ्यासकाची नाही. म्हणून आता जाणकार चाहते हेडमधून निघणारा कच्चा विद्युतसंकेतच सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजून संगणकात घेतात आणि व्हीएचएस-डीकोडसारख्या मुक्त प्रणालीनं त्यातून चित्र घडवतात. यात दोन गोष्टी साधतात. ताणलेल्या फितीमुळं थरथरणाऱ्या रेषा संगणक पुन्हा समान अंतरानं मांडतो. आणि संकेत नेमका कुठं बुडाला, याचा नकाशा हाती येतो.

आता एकाच सामन्याच्या तीन घरांतल्या तीन फिती घ्या आणि प्रत्येक बिंदूसाठी तीन मूल्यांतलं मधलं निवडा. समजा प्रत्येक फितीत शंभरातली एक रेषा खराब आहे आणि खराबी एकमेकींशी संबंध नसलेली आहे. एकाच रेषेवर दोन किंवा तिन्ही फिती खराब असण्याची शक्यता दहा हजारांत तीन इतकी खाली येते. मुंग्यांचंही तसंच: चार स्वतंत्र प्रतींची सरासरी काढली की त्या निम्म्या होतात, कारण चित्र चौघींत तेच असतं आणि मुंग्या प्रत्येकीच्या वेगळ्या. कुठलीच प्रत चांगली नसताना त्यांच्या बेरजेतून चांगली प्रत निघते.

पण या गणिताचा सगळा डोलारा ‘स्वतंत्र’ या अटीवर उभा आहे. ऐंशीच्या दशकात कॅसेट्सच्या नकला फार झाल्या. दोन व्हीसीआर वायरनं जोडायचे, एकात मूळ, दुसऱ्यात कोरी. मूळ फितीवरची खाच नकलेत चित्राचाच भाग बनून उतरते. तिथं संकेत निरोगी असतो, चूक मात्र कायम असते. अशा एकाच आईच्या तीन लेकी आपण साक्षीला बोलावल्या, तर मधलं मूल्य चुकीच्याच बाजूनं कौल देईल.

हा पेच पुण्याला ओळखीचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी देशभरातल्या पोथ्या ताडून पाहिल्या, पण पोथ्यांची डोकी मोजून पाठ ठरवला नाही. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक आढळली, तर त्या एका कुळातल्या समजायच्या आणि त्यांची साक्ष त्या बेतानं तोलायची. फितींची वंशावळही अगदी अशीच लावता येते. शास्त्रीच्या त्याच फटक्यावर, त्याच रेषेत, तोच पांढरा ओरखडा तिघींमध्ये दिसला, तर त्या बहिणी. पोथ्यांसाठी घडलेली ही शिस्त क्रिकेटच्या कॅसेटला जशीच्या तशी लागू पडते, याचा मला मनापासून आनंद होतो.

म्हणूनच चित्र ‘सुधारणाऱ्या’ कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल माझं मत कडक आहे. ती फितीत नसलेला तपशील इतर चित्रांच्या अनुभवावरून रचते. धूसर चेहऱ्याला डोळे देते, चेंडूला शिवण देते. करमणुकीसाठी ते करावं, पण संग्रहातली मूळ प्रत त्यापासून अलग आणि अस्पर्श राहिली पाहिजे. बाद होता की नव्हता, हे उद्या कुणी त्या चित्रावरून ठरवायला बसलं, तर रचलेल्या ठिपक्यांवरून निकाल लागायला नको.

जाहिरातीही कापू नयेत. त्यांवरून वाहिनी, शहर, कधी कधी तारीखही कळते. प्रत्येक फितीसोबत कुठं, कुणाच्या घरी, कोणत्या वेगानं, मूळ की नक्कल, एवढं लिहून ठेवावं. हे काम तांत्रिक कामापेक्षा कंटाळवाणं आहे आणि बहुतेक संग्रह त्यामुळंच अडतात.

काही चेंडू मात्र कुणाच्याच घरी मिळणार नाहीत. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिम्बाब्वेविरुद्ध भारत ५ बाद १७ होता आणि कपिल देवनं नाबाद १७५ धावा केल्या. त्या सामन्याचं टीव्ही चित्रीकरण झालंच नाही. इथं फितींची वंशावळ आणि मधलं मूल्य काहीच करू शकत नाही. पण बीबीसीच्या चित्रसंकेतात, पडद्याच्या वरच्या कडेपलीकडच्या न दिसणाऱ्या रेषांत, सीफॅक्स ही अक्षरांची सेवा १९७४ पासून वाहत होती. तीत बातम्या असत, खेळांचे निकाल असत. व्हीएचएस इतका जलद संकेत नीट धरू शकत नाही, त्यामुळं फितीवर तो पुसट उतरतो. तरीही तीच पानं पुन्हा पुन्हा प्रसारित होत असल्यानं आणि अक्षरांचा संच मर्यादित असल्यानं छांदिष्टांच्या प्रणाली अशा पुसट रेषांतून वाचता येणारी पानं उभी करतात. त्या शनिवारी दुपारी इंग्लंडमधल्या कुणी बीबीसीवरून सिनेमा, मुलांचा कार्यक्रम, काहीही टेप केलं असेल, तर त्या फितीत त्या दिवसाचा धावफलक पानापानानं चढत गेलेला असू शकतो. लंडन किंवा लेस्टरमधल्या आपल्या माणसांनी जून १९८३ ची कॅसेट टाकून देण्याआधी तिच्यावरचं लेबल वाचावं. क्रिकेट लिहिलेलं नसलं, तरी तारीख बघावी.