संकेतस्थळावर कोणते शब्द लिहावेत?

आपल्या जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी-गटांनीं व उत्पादक कंपन्यांनीं गेल्या कांहीं वर्षांत आपापलीं संकेतस्थळें उघडलीं आहेत. नवापूरची तूरडाळ, नंदुरबारची सुकी मिरची, धडगांवकडील आमचूर असा माल मध्यस्थावांचून थेट गिऱ्हाइकास विकावा, हा त्यांतील हेतु. हेतु उत्तमच आहे. परंतु पुष्कळांची तक्रार अशी कीं, संकेतस्थळ उघडून वर्ष लोटलें तरी तिकडे कोणी फिरकत नाहीं. आम्हीं यांपैकीं कांहीं संकेतस्थळें मुद्दाम बारकाईनें पाहिलीं. माल चांगला, छायाचित्रें सुरेख, भाव वाजवी. उणीव दिसली ती शब्दांची. गिऱ्हाईक ज्या नांवानें वस्तु शोधतें, तें नांव त्या पानांवर कोठेंच नव्हतें.

प्रथम शोधयंत्र कसें चालतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. गूगलसारखें शोधयंत्र जगांतील असंख्य पानें आधींच वाचून ठेवतें व कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची एक प्रचंड सूची तयार करतें. जाड ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची असते, तद्वतच ही. आपण मोबाईलवर चार शब्द लिहिले कीं तें या सूचींत पाहतें आणि जुळणाऱ्या पानांपैकीं कोणतें वर दाखवावें व कोणतें खालीं, हें ठरवितें. इतर कोणत्या संकेतस्थळांनीं त्या पानाचा हवाला दिला आहे, विचारणारा कोणत्या गांवीं आहे, पान मोबाईलवर लवकर उघडतें कीं नाहीं, अशा अनेक गोष्टींचा त्यांत विचार होतो. त्या सर्व आपल्या स्वाधीन नाहींत. शब्द मात्र स्वाधीन आहेत. (जातां जातां एक गंमत : आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेंत गूगल कंपनी स्थापन झाली. दोघेही एका वयाचे!)

आतां नवापूरच्या डाळीचें उदाहरण घेऊं. या डाळीस २०१६ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंदणी मिळाली, म्हणजे त्या नांवावर आपल्या मुलुखाचा हक्क कायद्यानें मान्य झाला. परंतु गिऱ्हाईक कायद्याचें रजिस्टर उघडून डाळ घेत नाहीं; तें मोबाईलवर शब्द लिहितें, आणि ज्याच्या पानावर ते शब्द असतील त्याच्या दुकानीं जातें. आपण 'तूरडाळ' म्हणतों. सुरतेचा व्यापारी 'तुवेर' म्हणतो, इंदूरचा 'तुअर', त्याच्याही उत्तरेकडील मनुष्य 'अरहर'; हैदराबादेस 'कंदिपप्पु' आणि बंगळुरास 'तोगरी बेळे'. इंग्रजींत लिहिणारा 'तूर दाल' लिहितो, आणि परदेशीं माल मागविणारा 'पिजन पी'. नवापूरच्या रेल्वे स्टेशनांतून दोन राज्यांची सीमा जाते व तेथें एकाच गाडीची वर्दी हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत देतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. रेल्वेस जें उमगलें तें डाळ विकणारास उमगूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें. मात्र हीं सर्व नांवें एकाच ओळींत कोंबूं नयेत. ज्या भाषेचें गिऱ्हाईक खरोखर हवें आहे व ज्या गांवीं माल पोंचविणें शक्य आहे, त्या भाषेचें एक स्वतंत्र पान लिहावें. सुरत हातावर आहे. तेव्हां गुजराती पान आधीं, बंगळूरचें पुढें केव्हां तरी.

गांवाच्या नांवांचीही तीच कथा. रोमन लिपींत नवापूर लिहितांना कोणी 'व्ही' घालतो, कोणी 'डब्ल्यू'. शहादें कीं शहादा, तळोदें कीं तळोदा, नंदुरबार कीं नंदूरबार, धडगांव कीं अक्राणी, दोन्हीं रूपें चालतात. शोधयंत्रास हल्लीं असे पुष्कळ भेद ओळखतां येतात. परंतु लहान गांवांच्या बाबतींत त्यावर भरंवसून राहूं नये. 'धडगांव (अक्राणी तालुका)' असें एकदां वाक्यांत सहज आलें कीं काम झालें.

मिरचीच्या बाबतींत प्रश्न याहून नाजूक आहे. केवळ 'मिरची' हा शब्द घेऊन वर येण्याची आशा कोणीं धरूं नये. त्या शब्दाखालीं पाककृति आहेत, बाजारभाव आहेत, रोगांचीं वर्णनें आहेत. शब्द लिहिणाऱ्याच्या मनांत काय आहे, हें ओळखणें हीच यांतील खरी मेख. 'मिरची लागवड' असें लिहिणारा आपणांसारखाच शेतकरी असतो. 'नंदुरबार मिरची भाव आज' असें लिहिणारा व्यापारी किंवा विकणारा. 'सुकी लाल मिरची ५ किलो घरपोच' असें जी गृहिणी लिहिते, तिच्या हातांत मात्र पैसे आहेत. असे लांब शब्दसमूह लिहिणारे थोडे असतात, पण त्या थोड्यांतच खरें गिऱ्हाईक असतें, आणि तेथें मोठ्या कंपन्यांची गर्दीही कमी. आमच्या पाहण्यांतील एका गटानें आपल्या पानावर 'फापडा' व 'जरेला' एवढींच नांवें दिलीं होतीं. आपल्या बाजारसमितींत हीं नांवें पोरासोरांसही ठाऊक. पण पुण्याच्या गृहिणीस त्यांचा कांहीं अर्थ लागत नाहीं. तिला हवें असतें तें 'कमी तिखट', 'रंगाला चांगली', 'देठ काढलेली', 'वर्षाच्या मसाल्यासाठीं'. बाजाराचें नांव ठेवावें, पण तें तिच्या भाषेंत समजावून सांगावें.

हे शब्द शोधावे कसे? यासाठीं आधीं कोणास पैसे देण्याचें कारण नाहीं. दूरध्वनीजवळ एक वही ठेवावी आणि गिऱ्हाइकानें जे शब्द उच्चारले ते तसेच, न सुधारतां, उतरून घ्यावेत. महिन्याभरांत जी यादी होईल तिच्यासारखी दुसरी नाहीं. पुढें गूगलच्या चौकटींत त्यांतील दोन शब्द लिहून थांबावें. खालीं जीं पूर्तिवाक्यें दिसतात तीं इतर लोकांच्या विचारण्यावरूनच आलेलीं असतात. संकेतस्थळ चालूं झाल्यावर 'गूगल सर्च कन्सोल' ही मोफत सोय अवश्य जोडून घ्यावी. कोणत्या शब्दांवर आपलें पान किती वेळां दाखविलें गेलें, किती जणांनीं तें उघडलें व त्याचा सरासरी क्रम काय होता, हें तींत दिसतें. जो शब्द पुष्कळ वेळां दिसतो पण ज्यावर कोणी पान उघडीत नाहीं, त्या पानाचा मथळा बदलावा.

शब्द सांपडले म्हणजे त्यांची जागा साधी आहे : पानाचा मथळा, पहिलें ठळक शीर्षक, पहिला परिच्छेद, पानाचा पत्ता व छायाचित्राचें वर्णन. एका मालास एक पान. 'आमचें स्वागत पृष्ठ' असा मथळा कोणीही शोधीत नाहीं. आणखी एक दोष आम्हांस वारंवार आढळला : सगळा मजकूर छापील पत्रकाचें चित्र करून चिकटविलेला, किंवा छापखान्याच्या जुन्या टंकांत बसविलेला. अशा चित्रांतील मजकुरावर विसंबणें धोक्याचें. आणि जुन्या टंकांतील मराठी ही यंत्रास निरर्थक रोमन अक्षरें वाटतात. मजकूर यूनिकोडमध्यें लिहिलेला हवा. मोबाईलवर आपण रोज लिहितों तो यूनिकोडच.

कांहीं मंडळी याच्या उलट टोकास जातात. एकच शब्द पन्नास वेळां लिहावा, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत यादी दडवावी, म्हणजे यंत्र फसेल, अशी त्यांची समजूत. युरियाची मात्रा वाढवीत गेल्यास पीक लोळतें, तेंच येथें होतें : गूगल अशीं पानें खालीं ढकलतें, कधीं सूचींतूनच काढून टाकतें. पानाच्या पोटांत, वाचकास न दिसेल अशा जागीं, शोधशब्दांची यादी घालण्याचीही एक रीत होती. क्रम लावतांना ती यादी आपण पाहत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें. तरी त्या यादीचे पैसे घेणारे आजही आढळतात. आपल्याच एका परिचित गटानें 'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्या एका दुकानदारास एका हंगामाचा सारा नफा दिला आणि हातीं कांहीं लागलें नाहीं. अशी हमी कोणासही देतां येत नाहीं, हें गूगल स्वतःच सांगतें. यादीच्या वर जाहिरात म्हणून जें दिसतें तें पैशानें मिळतें. त्याखालील क्रम विकत मिळत नाहीं.

शब्द निवडतांना खरेपणाचीही एक बाजू आहे. 'सेंद्रिय' हा शब्द पुष्कळ शोधला जातो, म्हणून तो कोणीही लिहितो. परंतु २०१७ च्या नियमांप्रमाणें सेंद्रिय म्हणून अन्न विकण्यास 'एनपीओपी' किंवा 'पीजीएस-इंडिया' यांपैकीं एका पद्धतीचें प्रमाणन लागतें. थेट गिऱ्हाइकास विकणाऱ्या लहान उत्पादकास तेवढी कांहीं सवलत आहे. तसेंच दुसरीकडून आणलेल्या डाळीस नवापूरचें नांव लावणें हा १९९९ च्या भौगोलिक निर्देश कायद्याखालीं गुन्हा आहे. बाहेरच्यांनीं तसें केलें तर आपण ओरड करूं. मग आपल्यांतील कोणीं तुटीच्या वर्षीं केलें तर गप्प कसे बसणार?

शेवटीं वेळेविषयीं. आपल्या बाजारांत ओल्या लाल मिरचीची आवक दिवाळीच्या सुमारास वाढते व पथारींवर ती वाळत असते; परंतु घरोघरीं वर्षाचा मसाला होतो तो उन्हाळ्यांत. नवें पान यंत्राच्या सूचींत शिरण्यास कधीं कांहीं दिवस, कधीं कांहीं आठवडे लागतात, आणि वर चढण्यास त्याहून अधिक. सबब मसाल्याच्या मिरचीचें पान फार तर जानेवारीअखेर लिहून झालेलें असावें. ज्यांची पथारी रस्त्यालगत आहे त्यांनीं त्याच वेळीं गूगलच्या नकाशावर आपल्या जागेची मोफत नोंदही करून ठेवावी, व तींत विक्रीचे दिवस आणि चालूं असलेला दूरध्वनी क्रमांक द्यावा. आम्हीं पाहिलेल्या नोंदींपैकीं दोहोंतील क्रमांक बंद होते.